ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० साठी मोठा इंटरकूलर: पुण्याचा उन्हाळा, घाट आणि स्टेज १ रीमॅप लक्षात घेता कोणता निवडावा?

सह्याद्री_व्हीआरएस, पुणे

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे. पहिल्या मालकाकडून ती घेऊन तीन वर्षे झाली आणि गेल्या दिवाळीनंतर मी तिचे स्टेज १ रीमॅप (कोणताही भाग न बदलता, फक्त इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवणे) करून घेतले. इंजिन १९८४ सीसीचे ईए८८८, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा भाग) मूळचाच आयएस२० आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) आहे. कंपनीचे आकडे २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर असे होते. रीमॅपनंतर डायनोवर (चाके रोलरवर फिरवून जोर मोजणाऱ्या यंत्रावर) ३०० पीएसच्या आसपास आकडा आला. पेट्रोल शक्यतो एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचे) भरतो, कारण ते पुण्यात मिळते.

अडचण अशी आहे की मार्च महिना लागला की गाडीचा जोर दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. पहाटे साडेपाचला ताम्हिणीच्या वाटेला लागलो तर पेडल दाबताच गाडी झेपावते, पण तीच गाडी दुपारी दोन वाजता त्याच रस्त्याने परतताना सुस्तावलेली वाटते. हा केवळ मनाचा भास आहे का, हे तपासण्यासाठी मी ओबीडी पोर्टला (गाडीच्या निदानासाठीच्या जोडणीला) उपकरण लावून महिनाभर नोंदी घेतल्या. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ताशी ९० किलोमीटरने एकसारखी चालवली, तर मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) हवेचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १२ अंशांनीच जास्त असते. विद्यापीठ चौकाच्या कोंडीत वीस मिनिटे अडकल्यावर, बाहेर ३६ अंश असताना, तेच तापमान ६३ वर जाते. खोपोलीहून बोरघाट चढताना, मालट्रकांच्या मागे रेंगाळत आणि जागा मिळाली की पुढे काढत वर आलो, की माथ्यावर ७४ अंश दिसतात आणि तेव्हा बाहेर ३५ असतात. त्याच वेळी नॉक (सिलिंडरमधले मिश्रण आपोआप, अवेळी पेटणे) होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि तिसऱ्या सिलिंडरवर ही माघार ६ अंशांपर्यंत जाते. गेल्या हिवाळ्यात आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या चार फेऱ्या केल्या, तेव्हा पहिल्या आणि चौथ्या फेरीत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक पडला.

यावरून इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग, बदलावा असे ठरवले आहे. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, मूळ जागी जसाच्या तसा बसणारा, थोडा जाड कोअर (हवा थंड करणारी जाळी) असलेला ट्यूब-अँड-फिन (नळ्या आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या फिना) प्रकारचा. दुसरा, जवळजवळ दुप्पट जाडीचा बार-अँड-प्लेट (पट्ट्या आणि पत्रे रचून केलेला) प्रकारचा, ज्याचे वजन नऊ किलोच्या आसपास भरते. तिसरा, एका स्थानिक फॅब्रिकेटरकडून तयार कोअर आणून त्याला टाक्या (दोन्ही टोकांच्या हवेच्या पेट्या) वेल्ड करून घेण्याचा. हा सर्वांत स्वस्त आहे. वॅग्नर, फोर्ज, एपीआर अशा परदेशी कंपन्यांचे इंटरकूलर आयात शुल्क आणि जीएसटी धरून मला दीड लाखाच्या घरात जातात, त्यामुळे चूक परवडणारी नाही. रोजचा प्रवास बाणेर ते हिंजवडी, महिन्यातून दोनदा घाट, वर्षातून एकदा धावपट्टी, आणि येत्या जानेवारीत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील सर्किटवर जाण्याचा विचार आहे. अशा वापरासाठी आपण कोणता इंटरकूलर घेतला असता आणि का, ते कृपया सविस्तर सांगावे.

चाकणचा_अभियंता

तुम्ही नोंदी नीट घेतल्या आहेत, म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो. चाकण पट्ट्यात रेडिएटर आणि इंटरकूलर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात मी अकरा वर्षे काढली आहेत आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी टर्बोत काय घडते ते पाहू. हवा दाबली की तापते आणि ती किती तापणार हे बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या दाबाच्या) आकड्यावर नव्हे, तर दाबाच्या गुणोत्तरावर (बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा दाब) ठरते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. मॅनिफोल्डमध्ये २.३ बार निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब हवा असेल आणि ०.१ बार इंटरकूलरमध्येच खर्ची पडत असेल, तर कंप्रेसरला (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाला) २.४ बार तयार करावे लागतात, म्हणजे गुणोत्तर अडीचच्या वर गेले. कंप्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली, तर ३५ अंशांची हवा त्यातून बाहेर पडताना सुमारे १६५ अंशांची झालेली असते. हीच गाडी तेवढ्याच उन्हात मुंबईत चालवली तर हा आकडा १५५ च्या जवळपास येईल. पुणेकरांच्या टर्बोला तेवढ्याच जोरासाठी थोडे अधिक राबावे लागते, ही गोष्ट परदेशी चाचण्यांचे तक्ते वाचताना लक्षात ठेवावी.

आता इंटरकूलरकडे वळू. टर्बोने जी १३० अंशांची भर घातली, तिच्यातील ७० टक्के इंटरकूलरने काढून घेतली तर इंजिनाला ७४ अंशांची हवा मिळते. ८० टक्के काढून घेतली तर ६१ अंशांची. या तेरा अंशांमुळे हवेची घनता वाढते ती जेमतेम चार टक्के. म्हणून "इंटरकूलर बदला आणि तीस पीएस मिळवा" असे कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नये. खरा लाभ इग्निशनचा आहे. हवा थंड असेल तर नॉकचा धोका घटतो, ईसीयूला इग्निशन मागे घ्यावे लागत नाही, आणि पहिल्या वेळी मिळालेला जोर पाचव्या वेळीही मिळतो. इंटरकूलरवर आपण पैसे खर्च करतो ते या सातत्यासाठी.

तुमच्या घाटातल्या आकड्याकडे मात्र मी पुन्हा बोट दाखवणार आहे. माझ्या हिशेबात ७४ अंश आले ते सलग पूर्ण बूस्ट धरून. तुम्ही तर ट्रकांच्या मागे रेंगाळत, अधूनमधून पुढे काढत वर गेलात. सरासरी भार फार तर एक तृतीयांश असेल. तरीही तेवढेच ७४ दिसत असतील, तर मूळ इंटरकूलर लहान आहे असा निष्कर्ष काढण्याआधी त्याच्यापर्यंत हवा पोहोचते का, हे पाहायला हवे. सपाट रस्त्यावर वेग जास्त आणि भार कमी असल्याने हा दोष झाकला जातो, घाटात वेग कमी आणि भार जास्त झाला की तो उघडा पडतो. धावपट्टीवर दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी रांगेत उभी असते, तेथेही तेच.

कोंडीतल्या ६३ अंशांची चिंता करू नये. गाडी रेंगाळत असताना इंजिनातून इतकी थोडी हवा वाहते की ती पाइप आणि मॅनिफोल्डच्या तापलेल्या भिंतींनीच गरम होते, आणि सेन्सरही त्याच भिंतीत बसवलेला असतो. कितीही महाग इंटरकूलर बसवला तरी हा आकडा फारसा हलणार नाही. रस्ता मोकळा झाल्यावर तो किती वेळात खाली येतो, एवढेच पाहावे.

आता प्रकारांविषयी. ३०० पीएसच्या आसपास तुमचे इंजिन सेकंदाला साधारण २३० ग्रॅम हवा ओढते. १६५ वरून ६१ अंशांवर आणायचे तर त्या हवेतून सुमारे २४ किलोवॅट उष्णता काढावी लागते, म्हणजे स्नानगृहातले दोन किलोवॅटचे बारा गिझर एकाच वेळी चालू केल्यासारखे. ही उष्णता बाहेरच्या वाऱ्याने वाहून नेली नाही तर ती कोअरच्या ॲल्युमिनियममध्येच साठते. पाच किलोचा कोअर अशा वेळी सेकंदाला पाच अंशांहून अधिक वेगाने तापतो, तर नऊ किलोचा तीन अंशांनी. म्हणून उभ्या गाडीने झेप घेण्याच्या शर्यतीत जड बार-अँड-प्लेट फार चांगला वाटतो. पहिले काही सेकंद तो उष्णता गिळून घेतो. पण गिळलेली उष्णता त्याला नंतर बाहेरही टाकावी लागते आणि तेथे तो मंद असतो. ट्यूब-अँड-फिनच्या नळ्या पातळ असतात, त्यांच्यामधून समोरचा वारा सहज निघून जातो, तो लवकर तापतो आणि लवकर निवतोही.

तुमच्या गाडीत तर आणखी एक अडचण आहे. या पिढीच्या ऑक्टाव्हियात आणि गोल्फमध्ये इंटरकूलर हा समोर एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि मागे रेडिएटर यांच्या मध्ये चेपून बसवलेला असतो. जाड आणि दाट फिनचा कोअर घातला की मागच्या रेडिएटरचा वारा अडतो. पाव मैलाच्या फेरीत ते जाणवत नाही, पण इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटवर सलग पाच-सहा फेऱ्या मारल्या की इनटेकचे तापमान छान दिसेल आणि कूलंटचे व तेलाचे तापमान चढत जाईल. हे मी चाचणीकक्षात अनेकदा पाहिले आहे. इंटरकूलर एकटा तपासला तर उत्तम गुण मिळवतो, आणि संपूर्ण पुढचा संच जोडून तपासला की रेडिएटर रडायला लागतो.

दाबातील घट विसरू नये. विकणाऱ्याला विचारावे की इतक्या ग्रॅम प्रवाहाला दाब किती घटतो. चांगल्या कोअरमध्ये तुमच्या प्रवाहाला ही घट ०.१ बारच्या आतच असायला हवी. ईसीयू मॅनिफोल्डच्या बाजूचा दाब धरून चालतो, त्यामुळे इंटरकूलरमध्ये दाब जास्त घटला तर तो बूस्टच्या काट्यावर दिसत नाही. टर्बो मात्र तेवढा अधिक फिरतो, हवा अधिक तापवतो, आणि आयएस२० सारखा लहान टर्बो इंजिन जास्त वेगाने फिरत असताना आधीच त्याच्या मर्यादेजवळ असतो. हा आकडा जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडून मी खरेदी करणार नाही.

गॅरेज_कोल्हापूर

चाकणच्या साहेबांनी जे गणिताने सांगितले, ते मी हाताने पाहिलेले सांगतो. आमच्याकडे या इंजिनाच्या गाड्या नेहमी येतात आणि "इंटरकूलर लहान पडतो" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कित्येकांचा इंटरकूलर ठीकच असतो.

तुम्हाला दोन गोष्टी विचारतो. गाडीच्या पुढच्या बंपरचे कधी काम झाले आहे का? आणि दुपारच्या कोंडीत एसी कमी गार करतो का? बंपरच्या आत, ग्रिलपासून कंडेन्सरपर्यंत, काळ्या प्लास्टिकचे पडदे असतात. समोरून आत शिरलेली हवा इकडेतिकडे न पळता नेमकी कोअरमधूनच जावी, हे त्यांचे काम. हवा नेहमी सोपी वाट धरते. दोन बोटांची फट मिळाली तरी ती कोअरच्या बाजूने निघून जाते. बंपर काढून बसवताना या पडद्यांच्या क्लिपा तुटतात आणि घाईत काम करणारा माणूस पडदाच बाजूला ठेवून देतो. बंपर बसला की बाहेरून काहीच कळत नाही.

एसीचे यासाठी विचारले की कंडेन्सर सगळ्यांत पुढे असतो. तो धुळीने भरला तर एसीही मंदावतो आणि मागचा इंटरकूलरही गुदमरतो. आपल्याकडचे रस्ते, उसाच्या ट्रॉल्यांतून उडणारे पाचट, पावसाळ्यातला चिखल हे सगळे त्या जाळीत जाऊन बसते आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट होते. बंपर उतरवून एकदा बघाच. तेथे प्रेशर पंप जवळ धरून मारू नका, फिना आडव्या होतात. साधा नळ, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. पाणी मागून पुढे सोडावे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. कंडेन्सर सैल करताना त्याची गॅसची नळी मुळीच उघडू नये, नळीसकट तो थोडा पुढे सरकतो.

तिसऱ्या पर्यायाबद्दल स्पष्टच सांगतो. फॅब्रिकेटर कितीही हुशार असला तरी तयार कोअरला दोन पेट्या वेल्ड केल्या म्हणजे इंटरकूलर होत नाही. टाकीचा आकार चुकला तर हवा खालच्या चार नळ्यांतूनच धावते आणि वरचा अर्धा कोअर नुसता शोभेला राहतो. शिवाय आतमध्ये कापकामाचा कीस राहिला तर तो थेट इंजिनात जातो. माझ्याकडे असा एक इंटरकूलर आला होता. उलटा धरून थोपटला तेव्हा तळहातावर चमचाभर चकचकीत ॲल्युमिनियमचा कीस पडला. नवा इंटरकूलर कोणत्याही कंपनीचा असो, बसवण्याआधी आतून धुऊन, वाळवून, हवा मारूनच बसवावा.

मरीन_ड्राइव्ह_३४०, मुंबई

थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण हा धागा वाचणाऱ्यांत इतर गाड्यांचे मालकही असतील. माझी बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. तिच्या बी५८ इंजिनात इंटरकूलर पुढे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे आणि तो वाऱ्याने नव्हे, तर वेगळ्या कूलंटच्या फेऱ्याने थंड होतो. फोक्सवॅगन गटाच्या १.० टीएसआय इंजिनातही मांडणी अशीच आहे. अशा गाड्यांसाठी "मोठा इंटरकूलर" शोधण्याऐवजी पुढच्या बाजूचा त्या फेऱ्याचा रेडिएटर मोठा करणे आणि पंप नीट चालतो का हे पाहणे, हाच मार्ग असतो. पाणी बराच वेळ उष्णता सामावून घेते, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या सिग्नलवर मला कधी त्रास होत नाही. पण एकदा ते पाणी तापले की निवायलाही बराच वेळ लागतो.

प्रश्नकर्त्यांना एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. इंटरकूलर त्या तपशिलांत येत नसला, तरी विमा कंपनीला रीमॅप आणि इंटरकूलर दोन्ही लेखी कळवून ठेवावेत. आपण कळवले नाही आणि पुढे दावा करायची वेळ आली, तर तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

सह्याद्री_व्हीआरएस, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

कोल्हापूरच्या दादांचे दोन्ही प्रश्न अचूक लागले. दीड वर्षापूर्वी पार्किंगच्या खांबाला घासून बंपरचा डावा कोपरा फाटला होता आणि तो मी एका ओळखीच्या गॅरेजमधून दुरुस्त करून घेतला होता. या रविवारी मित्राच्या मदतीने बंपर उतरवला, तर डाव्या बाजूचा हवेचा पडदा जागेवर नव्हताच. उजवा पडदा होता, पण त्याच्या खालच्या दोन क्लिपा तुटलेल्या होत्या आणि तो बोटाने ढकलला की आत झुकत होता.

कंडेन्सरची अवस्था पाहून मात्र मी काही वेळ नुसता बघत राहिलो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी काटेसावरीचे मोठे झाड आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये तिची बोंडे फुटली की अख्ख्या गल्लीत कापूस तरंगत असतो. तो कापूस कंडेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागावर चिकटून, त्यावर धूळ बसून, त्याची जुन्या गोधडीसारखी करडी पट्टी तयार झाली होती. चिमटीत धरून ओढली तर वीतभर लांबीचा पट्टा सलग सुटून आला आणि त्याच्या मागे फिनांची नक्षी उमटलेली होती. कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीतही तेच होते, फक्त तेथे तेलकट.

नळाच्या पाण्याने आणि ब्रशने दोन तास धुतले. दोन्ही पडदे नवे मागवले, आणि कोअरच्या वरच्या बाजूला जी फट राहत होती तेथे बंद पेशींच्या फोमची पट्टी लावली. सगळा खर्च काही हजारांत झाला. त्यानंतर तोच बोरघाट, तीच दुपारची वेळ, तशाच रहदारीत दोनदा चढलो. बाहेर ३६ अंश असताना माथ्यावर ६२ आणि ६३ अंश दिसले. इग्निशनची माघार ३ अंशांच्या पुढे गेली नाही. एसीही पूर्वीसारखा गार करू लागला आहे, ज्याचे श्रेय घरचे लोक मला देत आहेत.

आता प्रश्न उरतो तो पुढचा. जानेवारीतल्या सर्किटचे नक्की झाले आहे. अशा स्थितीत नवा इंटरकूलर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

चाकणचा_अभियंता

बाहेरच्या तापमानाच्या वर २७ अंश, तेही घाटात आणि एसी चालू ठेवून, हा मूळ इंटरकूलरसाठी समाधानकारक आकडा आहे. केवळ रोजचा प्रवास आणि घाट एवढाच वापर असता, तर मी तुम्हाला येथेच थांबायला सांगितले असते आणि त्या दीड लाखातून चांगले टायर व ब्रेक घ्यायला लावले असते.

सर्किटची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे प्रत्येक फेरीत अर्ध्याहून जास्त वेळ पेडल तळाशी असते आणि मूळ कोअर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर मागे पडू लागेल. म्हणून तुमचा पहिला पर्याय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मूळ जागी बसणारा, समोरचे क्षेत्रफळ पूर्ण वापरणारा आणि मूळ कोअरच्या सुमारे दीडपट जाडीचा. कोअर घेताना बाहेरच्या फिनांची दाटी आवर्जून पाहावी. दर इंचाला फिन जितक्या जास्त, तितके प्रयोगशाळेतले आकडे चांगले. पण तुमच्या फाटकाशी काटेसावर आहे आणि रस्ते आपले आहेत. अशा ठिकाणी थोड्या विरळ फिनांचा कोअर दोन वर्षांनीही श्वास घेत राहतो. समोरचे क्षेत्रफळ वाढवून मिळालेला थंडावा हा जाडी वाढवून मिळालेल्या थंडाव्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो, कारण जाड कोअरच्या मागच्या भागाला आधीच तापलेला वारा मिळतो.

टाक्या ओतीव ॲल्युमिनियमच्या असाव्यात. मूळ इंटरकूलरच्या टाक्या प्लास्टिकच्या असून त्या कोअरला पत्रा दुमडून बसवलेल्या असतात. रीमॅपच्या वाढीव दाबाखाली काही वर्षांनी तो सांधा झिरपू लागण्याची शक्यता असते, आणि बदलण्याचे तेही एक सबळ कारण आहे. नऊ किलोच्या बार-अँड-प्लेटचा विचार तुम्ही केवळ धावपट्टीसाठी जगत असता तरच मी केला असता.

जानेवारीच्या आधी इनटेकबरोबर कूलंट आणि इंजिन तेल यांच्या तापमानाच्या नोंदीही घेऊन ठेवाव्यात, म्हणजे नव्या कोअरमुळे मागे काय बदलले ते कळेल. मोजताना तिसऱ्या गिअरची पूर्ण धाव रस्त्यावर घेऊ नये, कारण ती कोणत्याही वेगमर्यादेच्या पुढे जाते. डायनोवर पाठोपाठ पाच धावा घ्याव्यात आणि पहिल्या व पाचव्या धावेतला फरक पाहावा. आजच्या इंटरकूलरवर एकदा आणि नव्यावर एकदा, त्याच डायनोवर, तशाच हवेत.

सह्याद्री_व्हीआरएस, पुणे

पटले. दीडपट जाडीच्या ट्यूब-अँड-फिनची मागणी नोंदवत आहे. विक्रेत्याने दाबातील घट लेखी दिली आहे आणि ती ०.१ बारच्या आत आहे. डायनोची वेळही घेतली. बसवण्याचे काम कोल्हापूरलाच करून घेण्याचा विचार आहे. दादा, माझ्याकडून आणखी काय आणायचे?

गॅरेज_कोल्हापूर

बूस्टच्या पाइपांच्या टोकाला असणारी रबरी सील नवी घेऊन या, दोन्ही बाजूंची. जुनी सील वरून चांगली दिसतात, पण इतकी वर्षे उष्णतेत राहून ती चपटी झालेली असतात आणि पूर्ण बूस्टवर तेथूनच हवा सुटते. पडद्यांच्या क्लिपांचा एक जास्तीचा जोडही असू द्या.

काम सकाळी लवकर सुरू करू. बंपर उतरवला की पुढचा लॉक कॅरिअर (बंपरमागची, रेडिएटर धरणारी चौकट) लांब बोल्टवर पुढे ओढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे इंटरकूलर मधून निघतो. जुना काढताना त्यातून थोडे तेल ओघळेल, त्याने घाबरू नका; क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या भागाच्या) वाफेबरोबर येणारा तो तेलाचा पातळ थर आहे. अर्धा कप निघाले तर मात्र टर्बो पाहावा लागेल. सीलला सिलिकॉन ग्रीसचे एक बोट फिरवायचे, पाइप सरळ रेषेत दाबायचा, तारेची क्लिप बसल्याचा "टक" आवाज कानाने ऐकायचा आणि मग पाइप मागे ओढून पाहायचा. त्यानंतर धूर सोडून गळती तपासायची. बंपर त्यानंतरच चढवायचा.